कोयनेच्या जंगलात अस्वलाची वाट बघताना

माझ्या मामांचा डावा डोळा पुरता मिटत नाही. झोपले तरी पापणीखाली पांढरी फट राहते. डोळ्याच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंतची कातडी ओढून शिवल्यासारखी दिसते. 41 टाके पडले होते. मी तेव्हा तिसरीत होते.

मामांचं गाव कांदाटी खोऱ्यात, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडे. श्रावणातली सकाळ. मामा डोक्यावर इरलं घेऊन पलीकडच्या वाडीला निघाले होते. ओढा भरून चालला होता, इरल्यावर पाऊस तडतडत होता. वळणावर एक वारूळ आणि वारुळात तोंड घालून बसलेली अस्वलीण. ना यांना तिची चाहूल, ना तिला यांची. मध्ये सात-आठ हात उरले तेव्हा ती उभी राहिली. पहिला फटका इरल्यावर बसला आणि इरलं उभं फाटलं. दुसरा गालावर. मग तिनं मामांना सोडलं आणि झुडपात शिरली. माणसांनी घोंगडीची झोळी करून त्यांना लाँचपर्यंत आणलं, लाँचनं बामणोली, तिथून सातारा. इरलं नसतं तर डोकंच गेलं असतं, असं आजी शेवटपर्यंत म्हणायची.

एवढ्या वर्षांत मामांनी 'अस्वल' हा शब्द उच्चारलेला मला आठवत नाही. 'ते काळं' म्हणायचे. माझ्यापुरतं अस्वल म्हणजे मामांचा गाल. आजोळी रात्री परसात जायचं तर मी आईचा पदर धरून जायची.

म्हणून दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीनं मोबाइलवर अलास्कातली तपकिरी अस्वलं दाखवली तेव्हा मी आधी नजर फिरवली. मग बघत राहिले. कॅटमाई नॅशनल पार्कातला ब्रूक्स धबधबा. जुलैत सॅल्मन मासे प्रवाहाच्या उलट उड्या मारत वर येतात आणि धबधब्याच्या तोंडाशी उभी असलेली अस्वलं त्यांना हवेतल्या हवेत पकडतात. थोड्या अंतरावर लाकडी माच आणि त्यावर माणसं शांत उभी. लेक म्हणाली, "आई, माणसं किती जवळ आहेत, तरी ती यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत." आपल्या देशातही तपकिरी अस्वल आहे, पार वर, द्रास आणि झांस्करच्या बाजूला. पण मला तिकडे जायचं नव्हतं. साताऱ्यात राहून, आपल्याच डोंगरातलं काळं अस्वल मी कधी धड बघितलं नाही आणि त्याचं भय मात्र तीस वर्षं उराशी धरलं, हे त्या दिवशी मला टोचलं.

बुद्धपौर्णिमेला वनविभाग पाणवठ्यांवर मचाणं बांधतो. पूर्वी ही वन्यप्राणी प्रगणना म्हणून व्हायची. वैशाखात ओढे आटलेले असतात, पाणी ठरावीक डबक्यांत उरतं, त्यामुळे जनावर चोवीस तासांत एकदा तरी तिथे येणार, आणि पौर्णिमेच्या उजेडात ते दिसणार, असा सगळा हिशेब. आता खऱ्या मोजणीला ट्रॅप कॅमेरे आहेत, म्हणून सामान्य माणसांसाठी हाच कार्यक्रम 'निसर्गानुभव' या नावानं होतो. शाळेला सुट्टी होतीच. मी अर्ज भरला, आधार कार्ड जोडलं, पैसे भरले आणि 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं लिहून सही केली. घरात वाद झाला, तो इथे सांगत नाही.

जायच्या आधी मामांना सांगायला गेले. ओटीवर बसले होते. मला वाटलं, रागावतील. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चालताना बोलत चाल. गप बसून चालायचं न्हाई. त्येला चाहूल द्यायची, मग ते वाट सोडतंय. मी त्या दिवशी दिली न्हाई."

"पाऊस होता मामा, तुम्ही तरी काय करणार?"

"पाऊस त्येलाबी हुता."

मामी आतून चहा घेऊन आल्या. माझं मचाण वासोट्याच्या बाजूला आहे म्हटल्यावर त्या थांबल्या. त्यांचं माहेर त्याच जंगलात होतं. कोयनेचं अभयारण्य 1985 मध्ये झालं आणि पुढे आतली गावं एकेक करून उठली, त्यांतलं एक. "पानवठा कंचा?" त्यांनी विचारलं. मला नाव माहीत नव्हतं. कागदावर नुसता क्रमांक होता.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी कास पठारावरून उतरून बामणोलीला पोहोचलो. मे महिन्यात शिवसागर खूप खाली गेलेला असतो. लाँच जिथे लागते तिथपर्यंत भेगाळलेल्या तांबड्या गाळातून चालत जावं लागलं. काठावर जुन्या बांधांच्या ओळी उघड्या पडल्या होत्या, एका जागी घराच्या जोत्याचे दगड. धरणाखाली गेलेल्या शेतांवरून आपण चालतोय हे कुणी सांगावं लागत नाही.

लाँचला दीडेक तास लागतो. डाव्या-उजव्या हाताला नुसतं जंगल आणि वर बामणोलीची रांग. उतरल्यावर सावलीत बसवून वनपालांनी माहिती दिली. कोयना आणि चांदोली मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, 1165 चौरस किलोमीटरचा, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेला, वगैरे. मग नियम. भडक कपडे नाहीत, अत्तर-सेंट नाही, तंबाखू-सिगारेट नाही, मोबाइलचा उजेड नाही. जेवण अंधार पडायच्या आत. एकदा मचाणावर चढलं की उजाडेपर्यंत खाली उतरायचं नाही, काहीही झालं तरी. मी सकाळी केसांना सुवासिक तेल लावून आले होते. एका वनरक्षक मुलीनं हळूच सांगितल्यावर ओढ्यावर जाऊन माती आणि पाण्यानं केस धुतले. ओले केस बांधून निघाले तेव्हा ऊन अजून कडक होतं.

माझ्याबरोबर एक तरुण वनरक्षक आणि एक वनमजूर काका. काका याच भागातले, पन्नाशीचे. चालायला लागलो आणि काकांनी मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. पावसाचं, पोराच्या नोकरीचं, गुडघ्याचं. मध्येच हातातली काठी झाडाच्या बुंध्यावर ठोकायचे. मला मामा आठवले. चाहूल द्यायची.

वाटेत अस्वल सगळीकडे होतं, फक्त दिसत नव्हतं. एका चढावर वारूळ फोडलेलं होतं, आत हात जाईल एवढी भोकं, बाजूला ताजी भुसभुशीत माती. पुढे वाटेच्या मधोमध विष्ठेचा मोठा काळसर पो. काकांनी काडीनं उकलून दाखवला. करवंदाच्या बिया, जांभळाच्या चार-दोन, आणि चमकणारे मुंगळ्यांचे डोके-पायांचे तुकडे. "हे रानात झाडं लावत हिंडतं बघा ताई," काका म्हणाले. "खातं हितं, बी टाकतं तिकडं." ओढ्याच्या ओल्या वाळूत पाऊल होतं. मी वाकून बघितलं आणि अंगावर काटा आला, कारण पहिल्या नजरेला ते माणसाच्या अनवाणी पावलासारखं दिसतं. टाच, तळवा, पाच बोटं. मग बोटांच्या पुढे, दोन-तीन इंच अंतर सोडून, नखांची टोकं वाळूत रुतलेली दिसतात. ती टोकं मी बोटानं मोजली. मामांच्या गालावरच्या रेघा किती हे मला पाठ आहे.

वनरक्षकानं सांगितलं की ही नखं वारुळं खणण्यासाठी. आपल्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, आणि ओढताना धूळ आत जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेऊ शकतं. ही लांब नखं आणि नसलेले दात बघून जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गतज्ज्ञानं 1791 मध्ये त्याला दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथचा भाऊबंद समजून तसंच नाव दिलं होतं. इंग्रजीत अजून त्याला स्लॉथ बेअरच म्हणतात. थंडीत झोपून राहणारं हे अस्वल नाही, बारा महिने हिंडतं. वाघाइतकंच, म्हणजे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण त्याला आहे. मला हे सगळं ऐकायला फार बरं वाटत होतं. ज्याला आपण नुसतं भ्यायलो त्याला खायला काय लागतं, दात किती असतात, हे कुणीतरी सांगावं अशी माझी तीस वर्षांची भूक होती.

मचाण एका मोठ्या अंजनीच्या आधारानं बांधलेलं, बारा-पंधरा फूट उंच, बांबूच्या शिडीनं चढायचं. समोर पन्नास-साठ पावलांवर पाणवठा. कातळात साठलेलं, एका अंगणाएवढं पाणी, वरच्या बाजूनं ओढ्याची ओल झिरपत येते. पलीकडे एक पडका चौथरा, त्यावर शेंदराचा रंग उडालेला दगड आणि दोन जुने आंबे. कुणाचं तरी गाव होतं इथे.

पाच वाजता डबा खाल्ला. नोंदीचा तक्ता गुडघ्यावर घेतला. वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी-पिल्लू, कुठल्या दिशेनं आला, कुठे गेला. आणि गप्प बसलो.

गप्प बसणं किती अवघड आहे ते तिथे कळतं. वर्गात चाळीस मुलांना मी रोज गप्प बसवते. पहिल्या तासात माझी मान दुखली, पाय बधिर झाले, घसा खवखवला, नाकावर चिलीट बसलं. एक शेकरू समोरच्या फांदीवरून आमच्यावर बराच वेळ ओरडत राहिलं. मग तेही कंटाळलं. ऊन कलंडलं तशी एक भेकराची मादी आली, पाण्याला तोंड लावायच्या आधी सात वेळा मान वर करून बघितलं तिनं, मी मोजलं. सातच्या सुमारास समोरच्या झाडीतून चंद्र वर आला, आधी तांबडा, मग पिवळा. रातव्यानं टुकटुक लावली. काजवे पेटले.

साडेआठला गवे आले. अकरा. चांदण्यात त्यांची अंगं दिसत नव्हती, गुडघ्याखालचे पांढरे पाय तेवढे चालत येताना दिसले. पाणी पिण्याचा आवाज एवढा मोठा की मला घरच्या म्हशी आठवल्या. ते अर्धा तास थांबले आणि गेले. मग तीन तास काहीच नाही. काका बसल्या बसल्या पेंगले. मला वाटलं, रात्र अशीच जाणार, आणि खरं सांगते, मला त्याचं हायसंही वाटलं.

पावणेबाराला आवाज आला. आधी पाल्यात खसखस, कुणी पाय ओढत चालल्यासारखी. काका डोळे न उघडताच पुटपुटले, "आलं." जनावर लपत छपत येतं ही माझी समजूत. हे तर बिनधास्त, काटक्या मोडत, फुसफुसत येत होतं. चौथऱ्यामागून अंधाराचाच एक तुकडा सुटा झाला आणि पुढे आला. डोळे, कान काही दिसेना. आधी दिसलं ते फिकट, राखाडी तोंड, जणू काळ्या घोंगडीला कुणी मातीचं गाडगं लावलंय. मग मान वळली आणि छातीवरचा पांढरट चांदवा चमकला.

माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. मचाणाचा बांबू कुरकुरला. वनरक्षकानं माझ्या मनगटावर दोन बोटं टेकवली आणि तशीच ठेवली.

ती थेट पाण्यावर आली नाही. आंब्याखाली थांबून दोन पायांवर उभी राहिली. मामांनी सांगितलेलं तेच, अगदी तेच. मी श्वास धरला. ती नाक वर करून वाऱ्याचा अंदाज घेत होती, मान हळूहळू इकडून तिकडे. वनरक्षक माझ्या कानाशी म्हणाला, "वास घेतेय फक्त. नजर आणि कान तसे बेताचेच असतात त्यांचे." खाली टेकली तेव्हा तिच्या पाठीवरचे लांब केस हलले आणि केसांतून एक छोटं तोंड वर आलं.

पिल्लू. पाठकुळी बसलेलं.

दुसरं नव्हतं, एकच. आईच्या खांद्याजवळचे केस दोन्ही पंजांनी घट्ट धरून बसलं होतं. ही पिल्लं थंडीच्या सुरुवातीला गुहेत जन्मतात, दोन-तीन महिन्यांनी आईच्या पाठीवर बसून बाहेर पडतात आणि पुढे कितीतरी महिने तिथेच बसून फिरतात. म्हणजे हे चार-पाच महिन्यांचं असणार. ती उतारानं पाण्यावर आली, पुढचे पाय वाकवून प्यायला लागली, तसं ते घसरून तिच्या डोक्यावरून पाण्याच्या काठाशी पडलं आणि रडलं. बारीक, नाकातला आवाज. तिनं पिणं थांबवलं, नाकानं त्याला ढकललं, पुन्हा प्यायली.

पुढे जे झालं त्यासाठी मी आले होते असं आता वाटतं. पाण्याच्या उजव्या अंगाला एक बुटकं वारूळ होतं. ती तिथे गेली, चार-सहा वेळा पंजानं ओढलं आणि तोंड आत घातलं. मग फूऽ फूऽ असा भात्यासारखा आवाज, धूळ बाहेर उडाली, ती चांदण्यात तरंगताना दिसली. लगेच सुर्रऽ करून लांब ओढा. पुन्हा फूऽ, पुन्हा सुर्रऽ. एवढा मोठा आवाज की रातव्याची टुकटुक त्यात बुडाली. पंधरा मिनिटं ती त्या भोकातून तोंड काढेना. पिल्लू मागे तिच्या पायाशी लोळत होतं. तिला आमची खबर नव्हती, पिल्लाची नव्हती, कशाचीच नव्हती. स्वतःच्याच सुरसुरीत तिचे कान भरले होते.

तेव्हा ती श्रावणातली सकाळ मला दुसऱ्या बाजूनं दिसली. वर पाऊस, शेजारी ओढा, तोंड वारुळात, मागे कदाचित पिल्लू. आणि मान वर काढली तर सात हातांवर इरल्याखाली एक मोठी, बिनतोंडाची आकृती. ती काय करणार होती दुसरं?

मला खाकरावंसं वाटलं. खूप वाटलं. तिला सांगावंसं वाटलं की आम्ही इथे आहोत. पण त्या रात्रीचा नियम गप्प बसायचा होता. घसा आवळून बसले आणि डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायलाही हात हलवला नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी तिनं तोंड बाहेर काढलं, अंग झाडलं, पिल्लाकडे पाठ करून जरा खाली बसली. ते केसांना धरत वर चढलं, एकदा निसटलं, पुन्हा चढलं. ओढ्याच्या वरच्या अंगानं ती गेली. काटक्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग वनरक्षकानं मनगटावरची बोटं काढली. तक्त्यात लिहिताना माझं अक्षर इतकं वाकडं आलं की सकाळी ते मलाच लागेना. अस्वल, मादी 1, पिल्लू 1.

पहाटे एक सांबर येऊन गेलं, उजाडताना शीळकरी कस्तुरानं ओढ्यात शीळ घातली. खाली उतरून वारुळापाशी गेलो. भोकाच्या तोंडाशी माती ओली होती आणि कडेला एक लांब काळा केस चिकटला होता, जाड, राठ. पूर्वी दरवेशी अस्वल घेऊन गावात यायचे तेव्हा असे केस ताईतात घालायला बाया पैसे मोजायच्या. आजीनं माझ्यासाठी घेतला होता म्हणे. हा मी उचलला नाही.

चार दिवसांनी कांदाटीला गेले. मामा ओटीवरच होते. सगळं सांगितलं, वेळेसकट. फूऽ आणि सुर्रऽ करून दाखवलं तेव्हा त्यांनी मान हलवली. "हां. असाच. पावसात मला वाटलं, वढ्याचा आवाज हाय."

मग थोड्या वेळानं म्हणाले, "पिल्लू पाठकुळी हुतं?"

"होय."

"तवाबी हुतं. मागनं वरडत गेलं. मी पडलो हुतो, तरी ऐकू आलं." तीस वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मामी सुपातले तांदूळ निवडायच्या थांबल्या.

"चौथरा हुता म्हणालीस," मामी म्हणाल्या. "दोन आंबं, आन् कातळातलं पानी?"

"होय मामी."

"आन् अस्वलीण कंच्या अंगाला गेली?"

"ओढ्याच्या वरच्या अंगाला."

मामींनी सूप खाली ठेवलं. "तिकडं आमचं उंबर हाय," त्या म्हणाल्या. "आता पिकलं आसंल."